अक्कानं एकही पील विकलं नाही

वच्छलाबाई झुलाल महाजन हिच्या निष्काळजीपणामुळे केळीचा रोग चार तालुक्यांत पसरला, असं एका सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. टाईप स्वच्छ आहे, खाली गोल शिक्का आहे. तो कागद वाचला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि अजूनही होतो. म्हणून लिहायला बसलो. मी रतिलाल, निवृत्त कृषी सहाय्यक. वच्छलाअक्काच्या घराला लागूनच माझं घर आहे. या प्रकरणात मी काही धुतल्या तांदळासारखा नाही, तेही पुढे सांगणार आहे. पण आधी अक्का कोण ते सांगतो, कारण त्या कागदात सगळं आहे आणि नेमकी अक्काच नाही.

आमचं गाव सावद्यापासून चार किलोमीटरवर. घराच्या पायरीवरून उतरलं की केळीच. झुलालभाऊ गेले तेव्हा अक्का बेचाळीस वर्षांची होती आणि रूपा, तिची एकुलती एक मुलगी, नववीत. भाऊबंद म्हणाले, बाग दुसऱ्याला कसायला दे. अक्कानं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विळा घेऊन स्वतः बागेत गेली. तेव्हापासून वीस वर्षं तिच्या सगळ्या लुगड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. ते जात नाहीत, आणि ते घालवायच्या भानगडीत ती पडली नाही. लग्नाला जातानाही तिची बोटं काळीच असायची. घड कधी कापायचा हे ती नुसत्या फणीकडे बघून सांगायची आणि मी तीस वर्षांची नोकरी करून, पुस्तकं वाचूनसुद्धा चुकायचो. यावरून ती मला पोरीबाळींसमोर चिडवायची.

तिच्या घरी एक रीत होती, सासूपासून चालत आलेली. आलेला पाहुणा मोकळ्या हातानं जायचा नाही. दुसऱ्या कुणी साखर दिली असती, नारळ दिला असता. अक्का केळीची पिलं द्यायची. केळीच्या बुडाशी जी नवी रोपं फुटतात ना, ती. चांगली, तलवारीसारख्या पानांची बघून खोदून काढायची, ओल्या गोणपाटात बांधायची आणि पाहुण्याच्या मोटरसायकलला लटकवायची. तिच्या बहिणींकडे, दिरांकडे, व्याह्यांकडे, सगळीकडे अक्काच्या पिलांच्या बागा उभ्या होत्या. हे आमच्याकडे कुणाला जगावेगळं वाटत नाही.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात ती कंपनी आली. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांच्या वकिलाला उगाच काम मिळेल. जळगावच्या पुढे त्यांची मोठी प्रयोगशाळा आहे. केळीला मर लागते, उभं झाड पिवळं पडून बसतं, त्यावर त्यांनी एक जिवाणू तयार केला होता. हा जिवाणू रोपाच्या आतच राहतो आणि मरीला जवळ येऊ देत नाही, असं त्यांचं म्हणणं. काचेतलं काम झालं होतं, आता शेतकऱ्याची जमीन हवी होती. मीच त्यांना अक्काची बाग दाखवली. जमीन चांगली, पाणी चांगलं, बाई कष्टाची. वीस गुंठ्यांवर त्यांची रोपं लागली. स्वप्नील नावाचा त्यांचा तरुण शास्त्रज्ञ होता, अमळनेरचा, बोलायला गोड. दर आठवड्याला यायचा आणि अक्काच्या हातची कळण्याची भाकरी नि ठेचा खायचा.

आता माझा भाग. लावणीच्या आधी करार झाला. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. अक्काचं शिक्षण दुसरी. ती म्हणाली, "रतिलालभाऊ, काय लिव्हलं हाये ते सांग अन् मंग मी सही करतो." मला फैजपूरला एका शिबिराला जायचं होतं, बाहेर जीप उभी होती. मी पानं चाळली. सहाव्या कलमात होतं की रोप किंवा रोपाचा कुठलाही भाग कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही, कोणत्याही प्रकारे देता येणार नाही. मी अक्काला म्हणालो, "अक्का, यातलं एकही पील विकायचं नाही." बस. एवढंच.

माझ्या डोक्यात होतं की यांचा माल कुणी रोपवाटिकेत विकेल, याचीच यांना धास्ती. इथं जन्मलो, इथंच वाढलो, अक्काच्या दारातून गोणपाटं जाताना आयुष्यभर पाहिली, आणि तरी विकणं वेगळं नि देणं वेगळं हे त्या क्षणी मला सुचलं नाही. मी तिला दोन मिनिटं जास्त दिली असती तर हे काहीच झालं नसतं. अक्कानं सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही, काना-उकार जपून काढलेली. साक्षीदार म्हणून खाली मी कुठंच नाही, कारण साक्षीदार कंपनीनं आपलाच घातला.

पहिल्या वर्षी बाग अशी आली की रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवायचे. एकही झाड मेलं नाही. घड इतके जड, की टेकू देऊन देऊन अक्का थकली. कंपनीनं बांधावर पाटी लावली, साहेब लोक आले, फोटो झाले. सावद्याचे केवलचंदशेठ घरी आले आणि म्हणाले, वच्छलाबाई, सगळी पिलं मला द्या, म्हणाल त्या भावानं. अक्कानं हात जोडले. "इकायचं नाही म्हून कबूल केलं हाये, शेठ." तीनदा आले, तीनदा परत गेले. तिनं नियम पाळला. माझ्या तोंडून ऐकलेला नियम तिनं तंतोतंत पाळला, हे मला त्या कागदावर लिहिलेलं हवं होतं.

मग श्रावणात कानबाई आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या खान्देशात कानबाईला अख्खी भाऊबंदकी एका घरी जमते, देवीच्या प्रसादाचे रोट खायला. त्या वर्षी मान अक्काच्या घरी होता. शिरपूरहून, चोपड्याहून, रावेरहून लोक आले. सोमवारी देवीला निरोप दिला आणि सगळे बागेत जाऊन घड बघत उभे राहिले. पुढे काय झालं ते आमच्याकडचं कुणीही सांगेल. अक्कानं विळा आणि पहार घेतली आणि दुपारपर्यंत पिलं खोदली. एकतीस घरांना दिली. रूपाचे सासरे जीवरामभाऊ शिरपूरकडचे, त्यांना तर टेम्पो भरून दिली.

आता हे नीट वाचा. स्वप्नील त्या दिवशी तिथं होता. त्यानं अडवलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही. खिशातून मोबाईल काढला आणि फोटो घेतला. दोन महिन्यांनी कंपनीचं रंगीत माहितीपत्रक निघालं. त्याच्या तिसऱ्या पानावर अक्का आपल्या दिराच्या हातात पिलं देते आहे, दोघं हसताहेत, आणि खाली लिहिलंय, "शेतकऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद". तेव्हा तो प्रतिसाद होता. पुढं त्याचाच गुन्हा झाला.

त्या पिलांची झाडं वाढली, अक्कानं स्वतःच्या बागेत राखलेल्या पिलांचीही. भराभर वाढली, काळीशार, हत्तीच्या कानाएवढी पानं. आठ महिने झाले, नऊ झाले. केळ निसवते म्हणजे शेंड्यातल्या पोग्यातून केळफूल, आमच्याकडचं कमळ, बाहेर पडतं आणि घड सुटतो. ह्या झाडांना कमळच येईना. दहा महिने, बारा महिने. झाड पंधरा फूट, आणि पोटात काही नाही. अक्का रोज सकाळी एकेका झाडापाशी जाऊन मान वर करून बघायची. मानेला रग लागायची म्हणून पदर गुंडाळून मागं धरायची. मी म्हणायचो, थंडीमुळं उशीर होत असेल. मला काय कळत होतं, कपाळ.

कंपनीची माणसं येतच होती. टेप लावून उंची मोजायची, पानं मोजायची, वहीत लिहायची. अक्का विचारायची, "काहून निसवत नाही, बाप्पा?" ते म्हणायचे, मावशी, निरीक्षण चालू आहे. नंतर सुनावणीत त्यांचाच अहवाल बाहेर आला, तेव्हा मला कळलं की त्यांच्या जाळीघरातली झाडं आमच्या आधीच वांझ निघाली होती. पौषातच त्यांनी लिहून ठेवलं होतं: दुसऱ्या पिढीत फुलोरा आढळत नाही, निरीक्षण पुढे चालू ठेवावे. पौषात! तेव्हा एक फोन केला असता तर एकतीस घरांची झाडं उपटून जाळता आली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यांना उंची मोजायची होती. आमच्या बागा त्यांना फुकटची वही वाटली.

आणि मग ते त्यांच्याही हातातून सुटलं. पिलं कापणारी टोळी एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते, विळा तोच. विळ्याच्या चिकातून जिवाणू गेला. ज्यांनी अक्काकडून एक पानही घेतलं नव्हतं त्यांच्या बागा निसवायच्या थांबल्या. कंपनीनं घाईघाईनं दुसरं औषध आणलं, पहिल्या जिवाणूला मारणारं, आणि ठिबकमधून सोडलं. त्यानं झाडांची मुळं कुजली आणि जिवाणू तसाच राहिला. स्वप्नील माझ्या ओट्यावर येऊन बसला, तोंड उतरलेलं. म्हणाला, "काका, आता ते आमच्या हातात राहिलेलं नाही. कुठवर गेलंय तेही आम्हाला माहीत नाही." पुढच्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली. पुण्याला गेला म्हणतात.

मोठे अधिकारी पाहणीला आले. गाडीच्या काचेतून बघून एक म्हणाले, "बाग तर मस्त हिरवीगार दिसतेय." 

कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. कंपनीनं कलम सहा काढलं. आमचं संशोधन बंदिस्त होतं, बाईनं ते बाहेर काढलं. झालं. ज्या भाऊबंदांनी गोणपाटं आनंदानं नेली होती, ते अक्काच्या घराकडं न बघता जायला लागले. जीवरामभाऊंनी तर शिरपूरहून फोन करून सांगितलं, "जोपर्यंत तुमना दोष नही अस कागदवर येत नही, तोपर्यंत आमनी सून तठे पाय ठेवाव नही." त्यांची सगळी बाग गेली होती. तिकडच्या आपल्या भाऊबंदांत त्यांनीच अक्काची पिलं वाटली होती, म्हणून त्यांच्याही तोंडाला काळं लागलं होतं. रूपा एक दिवाळी आली नाही. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली, सगळ्या गावच्या लेकी माहेरी आल्या, रूपा नाही. दुसरी दिवाळीही तशीच गेली. अक्का कुणाला काही म्हणाली नाही. फक्त मला एकदा म्हणाली, "सरकारी कागदावर मह्यं नाव साफ झालं पाह्यजे, भाऊ. मंग पोर येईन." तिला बाकी काहीच नको होतं.

तसा अर्ज अक्काच्या नावानं गेला आणि चैत्रात जळगावला त्याची सुनावणी लागली. आखाजीला तीन आठवडे होते. मी अक्काबरोबर गेलो. अर्जदार ती, सोबतीला मी. समोर टेबलामागं अधिकारी, बाजूला कंपनीचे वकील आणि दोन साहेब, एसी इतका की अक्कानं पदर अंगाभोवती घट्ट लपेटला. मी माहितीपत्रक काढून दाखवलं. अधिकाऱ्यांनी फोटो बघितला आणि बाजूला ठेवला. फोटो म्हणजे लेखी परवानगी नव्हे, असं वकील म्हणाले. पौषातला अहवाल निघाला. तो प्रयोगशाळेचा अंतर्गत भाग आहे, वकील म्हणाले. अधिकाऱ्यांनी मान हलवली. माझं रक्त उकळत होतं. पण अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं आणि अक्काला सरळ विचारलं, "आजी, करार इंग्रजीत आहे. यातल्या अटी तुम्हाला कुणी समजावून सांगितल्या होत्या का? काय सांगितलं होतं?"

सगळं तिथं होतं. कंपनीनं अटी तिच्या भाषेत सांगितल्याच नव्हत्या. एका सरकारी माणसानं घाईत, अर्धवट सांगितल्या. एवढं एक वाक्य बोललं गेलं असतं तर अक्का सुटली असती. चौकशी माझी लागली असती. निवृत्त झालो म्हणून काय, लागली असती. पेपरात नाव आलं असतं. मेघाच्या, माझ्या मुलीच्या सासरी कळलं असतं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी माझ्या पायांकडं बघत होतो.

ती म्हणाली, "कोनी नाही, सायेब. सांगलं असन कोनी. मीच ध्यान देऊन ऐकलं नाही."

वकिलांनी लगेच ते लिहून घेतलं. तेव्हा मी उठलो. खरंच उठलो. "साहेब, एक मिनिट," असं म्हणालोही. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण अर्जदार आहात का?" मी म्हणालो, नाही. "मग बसा." आणि मी बसलो. कुणी मला धरून बसवलं नाही, खांद्यावर कुणाचा हात नव्हता. तीस वर्षं सरकारी खुर्च्यांसमोर बसायची सवय. गुडघे आपोआप वाकले. अक्कानं तिची ती जपून काढलेली सही केली.

परतीच्या एसटीत मी चिडून बोलायला लागलो. कंपनीला शिव्या दिल्या, वकिलाला दिल्या, अधिकाऱ्याला दिल्या. मग तिच्यावरच घसरलो, की तू असं का बोललीस. ती खिडकीतून बाहेर बघत होती. नशिराबाद मागं पडल्यावर बोलली. "मी थांबली होती जराशी, भाऊ. मले वाटलं तू बोलशीन. तू बोलला नाही, मंग कोनाले तरी बोलनं भाग होतं ना." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला त्या प्रवासात बसायला जागा पुरेना.

कागद आला. त्यात काय आहे ते सुरुवातीलाच सांगितलं. कंपनीला "यापुढे दक्षता घ्यावी" एवढी एक ओळ आहे. चार तालुक्यांतल्या बागा उभ्या आहेत, बिनघडाच्या, आणि त्यांना दक्षता घ्यायला सांगितली आहे. त्यांची पुढची रोपं नंदुरबारकडं लागली असं ऐकतो. तिथंही कुणीतरी अकरा पानं चाळली असतील.

आखाजीला माझी मेघा आली. दोन दिवस घर भरून गेलं. सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला. सकाळी ती सवयीनं शेजारी गेली आणि परत येऊन म्हणाली, "नाना, रूपा या वर्षीपण नाही आली? मावशी एकटीच बसलीय." मी म्हणालो, तिच्या सासरी काम असेल. बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं. माझ्या ताटातली सांजोरी तशीच राहिली.

त्याच दुपारी मी शिरपूरची गाडी पकडली. जीवरामभाऊ ओट्यावर बसले होते. मागं त्यांची बाग, पंधरा फूट उंच, नुसती पानं. मी सगळं सांगितलं. जीप उभी होती ते, कलम सहा, मी काय सांगितलं, अक्कानं कुणाला वाचवलं. एक शब्द लपवला नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खरं बोलतस तुम्ही," ते म्हणाले. "पन हाई तठे बोलाले पाहिजे व्हतं, सायेबना मोहरे. आठे मना ओटावर बोलीसन काय उपेग? कागदवर तिनी सही शे. मना बठ्ठा भाऊबंदसनी तो कागद वाचेल शे."

मी म्हणालो, मी लिहून देतो, शपथेवर देतो, वरपर्यंत जातो.  त्यांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

रूपा दारात उभी होती. माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. लहानपणी ही पोर माझ्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत जायची.

"काका," ती म्हणाली, "मह्या मायले सायबानं इचारलं तव्हा तुम्ही तठीच बसले होते?"

मी म्हणालो, "हो."

 ती पाण्याचा तांब्या तसाच घेऊन आत गेली.